वाचनालयात टीव्ही: एकत्र बसून बघण्यातून आज काही शिकता येईल का?

वाचनवेडी

नमस्कार मंडळी. आमच्या वाचनालयाला एका सभासदाने मोठा टीव्ही आणि डीडी फ्री डिशची छत्री भेट दिली आहे. त्यावरून कार्यकारिणीत सरळ दोन तट पडलेत. एक गट म्हणतो, विकून टाका आणि त्या पैशांची पुस्तकं घ्या. घरोघरी टीव्ही आणि ज्याच्या त्याच्या हातात मोबाइल असताना इथे येऊन कोण बसणार? दुसऱ्या गटाचं (त्यात मी आहे) म्हणणं असं, की आठवड्यातून दोन संध्याकाळी लहानमोठ्यांना एकत्र बसवून शिकण्याजोगे कार्यक्रम दाखवावेत आणि मग त्यावर बोलावं.

माझं मत आधीच सांगते. दूरदर्शनने शेतीपासून विज्ञानापर्यंत पुष्कळ काही लोकांपुढे ठेवलं. पण ते जिथे खरंच अंगी लागलं तिथे संचासमोर चार माणसं जमलेली होती आणि त्यातलं एक तरी माणूस विचारणारं होतं. नुसतं प्रक्षेपण पुरलेलं नाही. आता हे बैठकीत मांडायचं तर अनुभव हवेत. शाळेत बालचित्रवाणी कोणी बघितली किंवा दाखवली आहे का? घरात ‘आमची माती आमची माणसं’ हा शेतीचा कार्यक्रम लागायचा का? करोनाच्या वर्षात मुलांनी टीव्हीवर ‘टिलीमिली’चे पाठ बघितले का? काय टिकलं, काय वाहून गेलं? विरोधी मत असेल तर तेही लिहा. खरं तर तेच आधी लिहा.

झटपट

यूट्यूब आहे की. हवं तेव्हा लावा, थांबवा, मागे न्या. ठरलेल्या वेळी टीव्हीपुढे हजर राहायचे दिवस गेले. पुस्तकं घ्या.

फळा_खडू

झटपट, थांबवता येण्याचा तुमचा मुद्दा अगदी रास्त आहे. आमची सगळी झटापट त्याच्याशीच होती.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं. बालचित्रवाणी ही राज्याची शैक्षणिक दूरचित्रवाणी संस्था पुण्यात १९८४ साली उभी राहिली आणि तिचे कार्यक्रम दूरदर्शनवरून यायचे. प्रक्षेपणाची वेळ ठरलेली, शाळेचं वेळापत्रक वेगळं. ज्या धड्यावरचा भाग लागायचा तो धडा वर्गात कधी होऊन गेलेला असे, कधी दोन महिने लांब असे. भाग ऐन रंगात आला की वीज जायची. आणि एकदा पुढे गेलेलं चित्र परत दाखवायची काही सोय नाही.

तरीही ज्या शाळेत मी ते नीट वापरू शकलो तिथे त्याचा उपयोग झाला. मी काय करायचो ते सांगतो. विषय आधी कळला असेल तर फळ्यावर तीन प्रश्न लिहून ठेवायचे आणि मुलांना सांगायचं, ‘यांची उत्तरं शोधत बघा.’ भाग संपला की लगेच संच बंद. पुढचा कार्यक्रम कितीही गोड असला तरी बंद. मग बोलणं. झाडं पानांतून पाणी बाहेर टाकतात असा एक भाग होता. तो संपल्यावर आम्ही अंगणात गेलो, चार वेगवेगळ्या झाडांच्या फांद्यांना प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधल्या आणि मधल्या सुट्टीनंतर कुठल्या पिशवीत किती पाणी जमलं ते मापलं. एका मुलीने विचारलं, ‘गुरुजी, सावलीतल्या झाडाला कमी का?’ हा प्रश्न पडद्यावरच्या भागात नव्हताच. पुढचे दोन तास त्या एका प्रश्नावर गेले.

बदली होऊन दुसऱ्या शाळेत गेलो, तर तिथला संच कुलपात. मोडला तर भरपाई कोणाच्या पगारातून, या धास्तीने तो कपाटातून बाहेरच यायचा नाही. कार्यक्रम तेच, सरकार तेच. तिथल्या मुलांपर्यंत मात्र एक अक्षर पोचलं नाही. बालचित्रवाणी २०१७ मध्ये बंद झाली तेव्हा पुष्कळांनी हळहळ व्यक्त केली. मला हळहळ त्या कुलपाची जास्त वाटते.

रानवारा

फळा_खडू गुरुजी, पिशव्यांचा प्रयोग फार आवडला. आमच्या शाळेत असा तास कधी झाला नाही.

उपग्रहवेडा

माझ्या आवडीचा विषय निघाला, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

वाचनवेडी म्हणतात ते आपल्याकडे अगदी सुरुवातीपासून ठाऊक होतं. दिल्लीत १५ सप्टेंबर १९५९ रोजी प्रायोगिक दूरचित्रवाणी सुरू झाली ती घराघरांत पोचायला नव्हे. युनेस्कोच्या मदतीने टेलिक्लब काढले होते. लोकांनी जमून बघायचं आणि नंतर चर्चा करायची. १९६१ मध्ये दिल्लीतल्या शाळांसाठी अभ्यासक्रमाला धरून पाठ सुरू झाले. २६ जानेवारी १९६७ ला ‘कृषी दर्शन’ आलं, तेही दिल्लीजवळच्या ८० गावांत ठेवलेल्या सामूहिक संचांसाठी.

आणि मग ‘साइट’, म्हणजे उपग्रहाद्वारे शैक्षणिक दूरचित्रवाणीचा प्रयोग. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६. अमेरिकेच्या नासाने आपला एटीएस-६ हा उपग्रह वर्षभरासाठी दिला. जमिनीवरची सगळी व्यवस्था आणि कार्यक्रम आपले. सहा राज्यांतल्या मागास जिल्ह्यांतली सुमारे २४०० गावं निवडली. प्रत्येक गावात एक संच आणि छपरावर तीन मीटर व्यासाची तारेच्या जाळीची छत्री. रोज चार तास कार्यक्रम: सकाळी दीड तास शाळेतल्या मुलांसाठी, संध्याकाळी अडीच तास मोठ्यांसाठी शेती, आरोग्य, कुटुंबनियोजन वगैरे. हिंदी, उडिया, तेलुगू आणि कन्नड या भाषांत. वीज नसलेल्या काही गावांत संच बॅटरीवर चालवले. विक्रम साराभाईंनी हे स्वप्न मांडलं, पण ते १९७१ मध्येच गेले. प्रयोग उभा राहिला तेव्हा अहमदाबादच्या अवकाश उपयोग केंद्राचे संचालक प्रा. यशपाल होते.

मला सगळ्यात मोलाची वाटते ती त्यातली एक बाजूची गोष्ट: शाळांच्या सुट्टीत याच संचांवरून प्राथमिक शिक्षकांना विज्ञान शिकवण्याचं प्रशिक्षण दिलं गेलं. एका वर्षात जवळपास ५० हजार शिक्षक. त्यात फक्त टीव्ही नव्हता. सोबत छापील साहित्य होतं, रेडिओ होता, करून बघायचे प्रयोग होते आणि प्रत्येक केंद्रावर मार्गदर्शक शिक्षक होता.

पोस्टकार्ड

म्हणजे ज्या जाळीने कोंबड्या राखतात तिनेच आपण उपग्रह पकडला! वा!

उपग्रहवेडा

@पोस्टकार्ड, हो, इंग्रजी कागदपत्रांत तिला ‘चिकन मेश’च म्हटलंय! स्वस्त, हलकी आणि वाऱ्याला कमी अडणारी. असाच एक संच श्रीलंकेत विज्ञानकथाकार आर्थर सी. क्लार्क यांच्या घरीही बसवला होता. उपग्रहांतून प्रक्षेपण करता येईल हे त्यांनी १९४५ मध्येच मांडलं होतं.

दोन_पिल्लं

साइटमध्ये महाराष्ट्रातली गावं होती का? आजोबांकडून कधी ऐकलं नाही.

उपग्रहवेडा

नव्हती. राजस्थान, बिहार, ओरिसा, मध्य प्रदेश, आंध्र आणि कर्नाटक. पण मुलांचे विज्ञान कार्यक्रम बनवणारा इस्रोचा गट मुंबईत होता. आपल्याकडे मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ लाच सुरू झालेलं होतं.

शंकेखोर

विरोधी मत आधी मागितलंत म्हणून लिहितो. मी शिक्षणशास्त्राचा विद्यार्थी आहे.

दर पिढीत एक नवं यंत्र येतं आणि त्याच्याबरोबर ‘आता शिक्षकांची उणीव भरून निघणार’ अशी घोषणा येते. आधी रेडिओ, मग टीव्ही, मग संगणक, आता मोबाइल. टीव्हीच्या बाबतीत याची सर्वांत मोठी परीक्षा प्रशांत महासागरातल्या अमेरिकन सामोआ बेटांवर झाली. तिथे १९६४ पासून सगळी शाळाच टीव्हीवर नेली. मुख्य पाठ पडद्यावरून व्हायचा आणि वर्गातल्या शिक्षकाने त्याची उजळणी घ्यायची. सुरुवातीला जगभरातून लोक बघायला आले. पण वरच्या वर्गातली मुलं कंटाळली, शिक्षक नाराज झाले, आणि १९७०च्या दशकात तो पसारा आवरता घ्यावा लागला. ज्या शिक्षकाला पडद्याचा मदतनीस केलं, तो मनाने वर्गात राहिला नाही.

साइटबद्दलही हात राखून बोलावं. मोठ्यांना, विशेषतः निरक्षर स्त्रियांना, आरोग्याची माहिती चांगली मिळाली असं मूल्यमापनात दिसलं. पण मुलांच्या शालेय विषयांतल्या प्रगतीत फारसा फरक नव्हता. सुरुवातीची गर्दीही पुढे बरीच ओसरली. आणि वर्ष संपल्यावर उपग्रह निघून गेला. ज्या गावांना सवय लागली होती त्यांच्याशी आपण काय वागलो?

उपग्रहवेडा

@शंकेखोर, शेवटचा प्रश्न खरा आहे आणि मलाही बोचतो. उपग्रह सरकवल्यावर काही भागांत जमिनीवरच्या प्रक्षेपकांनी सेवा चालू ठेवली, पण सगळीकडे नाही. स्वतःचा चालता उपग्रह, इन्सॅट-१बी, १९८३ मध्ये मिळाला.

पण सामोआ आणि साइट एका मापाने मोजू नका. सामोआत शिक्षकाची जागा घेतली गेली. त्याऐवजी मेक्सिकोतली ‘टेलेसेकुंदारिया’ बघा. १९६८ पासून खेड्यांतली माध्यमिक शाळा टीव्हीच्या आधारे चालवतात आणि दहा लाखांहून जास्त मुलं त्यातून शिकलेली आहेत. तिथे प्रत्येक वर्गात एक शिक्षक असतो. पडद्यावरचा भाग छोटा, उरलेला तास पुस्तक, चर्चा आणि काम. म्हणून अर्ध्या शतकाहून जास्त काळ टिकली.

शंकेखोर

टेलेसेकुंदारियाचं मान्य. मात्र त्यातून एवढंच सिद्ध होतं की शिक्षक लागतो. टीव्ही लागतोच असं नाही.

रानवारा

आमच्याकडे ‘आमची माती आमची माणसं’ लागायचं. गल्लीत दोनच संच होते, त्यातला एक आमच्या ओसरीवर. बाबा आणि त्यांचे सोबती पुढे बसायचे. आई आणि काकू दाराशी उभ्या, हातात काही ना काही काम चालूच.

पुरुष बघता बघताच वाद घालायचे. ‘हे विद्यापीठाच्या शेतात होतं, आपल्या मुरमाड रानात नाही होत.’ ‘अरे, पण त्याने पाणी किती दिलं ते ऐकलंस का?’ मग कोणीतरी पैज लावायचं आणि दोन सऱ्यांत करून बघायचं. बियाण्याला औषध चोळून पेरायचं आमच्या गल्लीत असंच सुरू झालं. ते भिंतीवरच्या सरकारी पत्रकातही लिहिलेलं होतं, पण पत्रक वाचून कोणी हललं नाही. शेजाऱ्याने करून बघितलं तेव्हा हलले.

मला आज जास्त आठवते ती आई. तिला पुढे जाऊन विचारता यायचं नाही. कार्यक्रम संपला, माणसं उठली की ती हळूच बाबांना विचारायची, ‘ते गांडूळखताचं परत सांगा, किती दिवसांनी उलटायचं म्हणाले?’ बाबांना आठवायचं नाही, कारण खत करायचं काम आईचं होतं. ज्याला गरज होती ती व्यक्ती दाराशी उभी आणि पुढच्या रांगेत दुसरेच. वाचनवेडीताई, ‘एकत्र बसवणार’ म्हणता तेव्हा कोण पुढे बसणार ते आधी ठरवा.

वाचनवेडी

रानवारा, तुमचा प्रतिसाद छापून बैठकीत वाचून दाखवणार आहे. परवानगी असेल तर.

रानवारा

अवश्य. आईलाही सांगते.

अक्षरओळख

रानवाराच्या आईंवरून लिहावंसं वाटलं. मी प्रौढ साक्षरतेचे वर्ग घेते. ज्या बायका अक्षरं शिकतात त्यातल्या कित्येक जणी वर्षभरात ती विसरतात, कारण रोजच्या आयुष्यात वाचायला काही समोर येत नाही. यावर मला भावलेला उपाय अगदी साधा आहे: गाण्याच्या कार्यक्रमात पडद्याखाली त्याच भाषेत गाण्याचे शब्द दाखवायचे आणि गायलं जाईल तसा एकेक शब्द रंगत जाईल. अहमदाबादच्या आयआयएममधले ब्रिज कोठारी १९९६ पासून याचा पाठपुरावा करताहेत. दूरदर्शनच्या ‘चित्रहार’ आणि ‘रंगोली’वर हे प्रत्यक्षात आलं. गाणं पाठ असतं, त्यामुळे नजर शब्दाच्या पुढे धावते आणि मग अक्षर सापडतं. शिकवणी वाटतच नाही.

माझ्या वर्गात मी गाण्यांच्या चित्रफिती शब्दांसह लावते. ‘शाळा’ म्हटलं की लाजून मागे सरणाऱ्या बायका गाण्याला पुढे येऊन बसतात.

निःशब्द

अक्षरओळख यांना मनापासून धन्यवाद. मला ऐकू येत नाही. लहानपणी रविवारी दुपारी दूरदर्शनवर आमच्यासाठी बातम्या लागायच्या, खुणांच्या भाषेत. आठवड्यातला तेवढा एक वेळ मी घरातल्यांना बातमी सांगायचो, एरवी ते मला सांगायचे. मराठी शैक्षणिक कार्यक्रमांत खाली शब्द क्वचितच असतात. फक्त आमच्यासाठी म्हणून नव्हे, अक्षरओळख यांच्या वर्गातल्या बायकांसाठीही ते असायला हवेत.

झटपट

हे मी कधी लक्षातच घेतलं नव्हतं. चांगला मुद्दा.

पोस्टकार्ड

अवांतर आहे, पण ‘सुरभि’ हा आपल्या संस्कृतीवरचा कार्यक्रम कोणाला आठवत नाही का? १९९० पासून पुढे दहा-अकरा वर्षं चालला. सिद्धार्थ काक आणि रेणुका शहाणे. शेवटी प्रश्न विचारायचे आणि उत्तराला पोस्टकार्ड पाठवायचं. एका आठवड्यात १४ लाखांहून जास्त पत्रं आल्याची नोंद आहे! पुढे टपाल खात्याने स्पर्धांसाठी वेगळं, जास्त दराचं कार्डच काढलं. आमच्या घरी उत्तर शोधायला आजोबा विश्वकोशाचे खंड काढून बसायचे. कार्यक्रम अर्ध्या-पाऊण तासाचा, शोधाशोध चार दिवसांची.

आणि विज्ञानाचा ‘टर्निंग पॉइंट’! प्रा. यशपाल मुलांनी पाठवलेल्या प्रश्नांना उत्तरं द्यायचे. ‘हा प्रश्न फार छान आहे’ असं ते म्हणायचे तेव्हा ज्याने प्रश्न पाठवला नव्हता त्यालाही आपलं कौतुक झाल्यासारखं वाटायचं.

फळा_खडू

पोस्टकार्ड, हे अवांतर मुळीच नाही. १४ लाख पत्रं म्हणजे १४ लाख घरांत कोणीतरी उठून काही शोधलं.

शंकेखोर

‘एकत्र बघणं हवंच’ या मुद्द्याला एक भक्कम आक्षेप आहे आणि तो इथे कोणीच घेतलेला नाही. अमेरिकेतला लहान मुलांचा शैक्षणिक कार्यक्रम ‘सेसमी स्ट्रीट’. १० नोव्हेंबर १९६९ पासून सार्वजनिक वाहिन्यांवर. मुलं घरात बसून बघायची, समोर शिक्षक नाही, गट नाही. मेलिसा कर्नी आणि फिलिप लेव्हाइन या अर्थशास्त्रज्ञांनी पुढे फार हुशारीने तपासणी केली. त्या काळी काही भागांत हा कार्यक्रम चांगल्या दिसणाऱ्या लहरींवर यायचा, काही भागांत अतिउच्च लहरींवर, जिथे चित्र धड दिसायचं नाही. जिथे नीट दिसत होता तिथली मुलं शाळेत वयाच्या मानाने योग्य इयत्तेत असण्याचं प्रमाण जास्त निघालं. म्हणजे नुसत्या प्रक्षेपणानेही फरक पडतो.

वाचनवेडी

@शंकेखोर, हा आक्षेप मला महत्त्वाचा वाटतो. यावर कोणी काही सांगेल का?

उपग्रहवेडा

सांगतो. सुरुवातीच्या वर्षांत न्यू जर्सीच्या चाचणी संस्थेने ‘सेसमी स्ट्रीट’चं मोठं मूल्यमापन केलं. जास्त बघणारी मुलं जास्त शिकली असं आलं. पण त्यातल्या एका गटाच्या घरी माणसं जाऊन पालकांना सांगत होती की मुलांना हे दाखवा, त्यांच्याशी बोला. १९७५ मध्ये थॉमस कुक आणि सहकाऱ्यांनी तीच आकडेवारी पुन्हा तपासली आणि म्हटलं की या प्रोत्साहनाचा परिणाम वेगळा काढला तर नुसत्या बघण्याचा परिणाम बराच लहान उरतो. मला वाटतं दोन्ही खरं आहे. अक्षर-अंक ओळख नुसत्या बघण्याने होते. पुढचं, म्हणजे ‘सावलीतल्या झाडाला कमी का’ असं विचारणं, त्याला समोर माणूस लागतो.

शंकेखोर

एवढं मान्य करतो. पण वाचनवेडी यांनी बैठकीत ‘नुसतं प्रक्षेपण निरुपयोगी’ असं मात्र म्हणू नये.

वाचनवेडी

नाही म्हणणार.

दोन_पिल्लं

टिलीमिलीबद्दल मी लिहिते, कारण आमचं घर त्यात पुरतं बुडालं होतं. जुलै २०२० मध्ये दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर सुरू झालं. एमकेसीएलच्या नॉलेज फाउंडेशनने केलेलं, पहिली ते आठवीसाठी, बालभारतीच्या पुस्तकांवर आधारलेलं. सकाळपासून एकेका इयत्तेचा तास लागायचा.

त्यातली खूप चांगली गोष्ट ही, की ते शाळेसारखं नव्हतं. कोणी फळ्यापुढे उभं राहून शिकवत नव्हतं. घरात आणि परिसरात मुलं मोठ्यांबरोबर काहीतरी करून बघतायत, मोजतायत, गप्पा मारतायत असं असायचं. त्यामुळे भाग संपला की आपणही तेच करावंसं वाटे. माझा धाकटा घरातल्या प्रत्येक वस्तूची लांबी वितीने मोजत सुटला आणि मग मोठ्याची वीत वेगळी निघाली म्हणून दोघांचं भांडण. त्या भांडणातून मापपट्टी कशाला लागते ते त्याला कळलं. मी शिकवलं नाही.

पण खरं सांगायचं तर हे आमच्याकडे जमलं कारण मी घरी होते. शेजारची मुलगी त्याच वेळी तोच भाग बघायची, तिचे आईवडील कामावर गेलेले. ती बघायची आणि बसून राहायची. पुढे मी तिला आमच्याकडे बोलावलं, मुखपट्टी लावून, खिडकीशी. तीन मुलं झाली आणि रंगच पालटला.

झटपट

तुमच्या शेजारच्या मुलीसाठीसुद्धा घरी स्मार्टफोन असता तर तिने भाग पुन्हा बघितला असता.

दोन_पिल्लं

झटपट, फोन होता. तो वडिलांबरोबर कामावर जायचा. टीव्ही तेवढा घरी राहायचा.

दक्षिणवारा

मी नोकरीनिमित्त केरळात राहतो. इथे १ जून २०२० पासून ‘फर्स्ट बेल’ नावाने व्हिक्टर्स या सरकारी शैक्षणिक वाहिनीवर वर्ग सुरू झाले. (वाहिनी २००५ पासूनची, उद्घाटन डॉ. कलाम यांनी केलं होतं.) दोन_पिल्लं यांनी शेजारच्या मुलीसाठी केलं तेच इथे गावोगाव झालं: ज्यांच्या घरी संच नाही त्या मुलांसाठी ग्रंथालयं, अंगणवाड्या, समाजमंदिरं इथे टीव्ही ठेवून अभ्यासकेंद्रं काढली. अंतर राखून बसायचं आणि कोणीतरी मोठं माणूस हजर. केरळात गावोगाव ग्रंथालयांची चळवळ आधीपासून होती, म्हणून आठवड्याभरात जागा आणि माणसं मिळाली.

वाचनवेडीताई, तुमच्या कार्यकारिणीला हे आवर्जून सांगा. टीव्ही की पुस्तकं असा झगडा इथल्या ग्रंथालयांत मी ऐकला नाही. एका खोलीत दोन्ही आहेत.

वाचनवेडी

दक्षिणवारा, हे फारच उपयोगी आहे. आमच्या विरोधी गटाचा मोठा मुद्दा हाच, की वाचनालयाचं काम वाचन. आता थेट विचारते: आठवड्याला दोन संध्याकाळी ठेवल्या तर नक्की काय दाखवावं आणि कसं?

फळा_खडू

वीस-पंचवीस मिनिटांपेक्षा जास्त दाखवू नका. त्यानंतर निदान तेवढाच वेळ बोलायला. सूत्रधार रोज एकच नको, पाळीपाळीने. नाहीतर त्या माणसाची शाळा होते. कार्यक्रमाशी संबंधित पुस्तकं आधी टेबलावर काढून ठेवा. पक्ष्यांवर काही दाखवलं तर पक्ष्यांची पुस्तकं त्याच संध्याकाळी घरी जातील. तुमचा पुस्तकवाला गट यावर खूश होईल.

उपग्रहवेडा

फ्री डिशला दरमहा पैसे लागत नाहीत. त्यावर केंद्र सरकारच्या पीएम ई-विद्या योजनेतल्या शाळेसाठीच्या इयत्तावार वाहिन्या दिसतात. उच्च शिक्षणाला स्वयंप्रभाच्या वाहिन्या आहेत, २०१७ पासून. पण वेळापत्रक आधी बघून निवडा. वाहिनी लावून सोडून दिली तर मुलं दहा मिनिटांत पळतील, कारण पुष्कळसे पाठ म्हणजे फळ्यापुढचं व्याख्यान आहे.

एक सांगतो. गुजरातमधल्या खेडा जिल्ह्यातल्या दूरचित्रवाणी प्रकल्पात, पीज इथल्या छोट्या प्रक्षेपकावरून, सामूहिक संच दूध सहकारी संस्थांच्या जागेत ठेवले होते, जिथे लोक तसेही येतातच. आणि कार्यक्रम गावकऱ्यांना बरोबर घेऊन बनवले: शेतमजुरी, अस्पृश्यता, दारू अशा नाजूक विषयांवर. त्याला युनेस्कोचं पारितोषिकही मिळालं. तुम्हीही सहा महिन्यांनी वाचनालयातल्या पोरांकडून मोबाइलवर एखादा भाग बनवून घ्या आणि त्याच पडद्यावर दाखवा.

रानवारा

बायकांसाठी वेगळी वेळ विचारून ठरवा. संध्याकाळी सात म्हणजे स्वयंपाकाची वेळ. त्या वेळी ठेवलंत तर पुन्हा पुरुष पुढे आणि बाया घरी. दुपारी चार बघा.

अक्षरओळख

आणि त्यातला एक दिवस गाण्यांचा. शब्दांसकट.

शंकेखोर

तीन महिन्यांनी मोजा. किती आले हे मोजू नका, ते ओसरणारच. किती जणांनी नंतर काही करून बघितलं, विचारलं, पुस्तक नेलं, याची वही ठेवा. त्या वहीत काही नसेल तर टीव्ही विका. हे बैठकीत तुम्हीच आधी सांगितलंत तर विरोधी गटही तयार होईल.

झटपट

मी अजूनही पुस्तकांच्या बाजूने आहे. पण प्रक्षेपणाची वेळ जुळत नसेल तर दूरदर्शन आणि शैक्षणिक संस्थांनी स्वतः जालावर ठेवलेले भाग थेट त्या टीव्हीवर लावता येतात, मधे थांबवून बोलताही येतं. कसं जोडायचं ते लिहून देतो. गुरुजींची झटापट तेवढी वाचेल.

फळा_खडू

मधे थांबवता आलं असतं तर माझी नोकरी किती सुखाची झाली असती! जरूर लिहा.

वाचनवेडी

सगळ्यांचे मनापासून आभार. बैठकीत मांडायचं ते असं ठरवलंय: मुलांसाठी शनिवारी संध्याकाळी, बायकांसाठी बुधवारी दुपारी चारला. पुस्तकं टेबलावर, वही दाराशी, आणि तीन महिन्यांनी पुन्हा विचार. झटपट, तुमच्या टिपेची वाट बघते.

निःशब्द

एक विनंती. बाकं ओळीत न लावता अर्धवर्तुळात लावा आणि चर्चेच्या वेळी खोलीतले दिवे चालू ठेवा. बोलणाऱ्याचे ओठ दिसले तर माझ्यासारख्यालाही प्रश्न विचारता येतो.

वाचनवेडी

हे ठरावातच घालते.